ताप आलेल्या मुलाचे कपडे काढून पाहा

रोवणी आटोपली, धुऱ्यावरचे गवत वाढले की स्क्रब टायफसचे दिवस येतात. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाने माणसे दगावली, तेव्हा कुठे हे नाव आपल्या वस्त्यांपर्यंत आले. झुडपात, गवतात असणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर किड्याच्या चाव्यातून जंतू अंगात शिरतो. चावा दुखत नाही आणि ताप साधारण दहा दिवसांनी चढतो. त्यामुळे दोहोंचा संबंध लागत नाही. कुणी डेंग्यू म्हणते, कुणी बाहेरचे झाले म्हणून दोरा बांधते.

पुष्कळ मुलांत मात्र एक खूण सापडते. चावलेल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. काखेत, जांघेत, कानामागे, चड्डीच्या नाडीखाली. ती दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. शोधावी लागते. मुलगी असेल तर आईने आडोशाला नेऊन पाहावे. लाजेपायी तपासणी राहू नये.

माझी तक्रार इथेच आहे. मूल टेबलापलीकडे उभे राहते आणि चिठ्ठी लिहून होते. ज्यांच्या अंगाला हात लावणे पिढ्यान्‌पिढ्या टाळले गेले, त्यांनी तरी ‘डॉक्टर, अंग पूर्ण तपासा’ म्हणायला का कचरावे? (सलाईन लावली म्हणजे उपचार झाला, हे आपलेही वेड आहेच.)

औषध महाग नाही. डॉक्सिसायक्लीन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसीन वेळेत मिळाले की बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. अमॉक्सिसिलीन, सेफिक्झिम या जंतूवर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लीनने लहान मुलांचे दात पिवळे पडतात ही भीती थोड्या दिवसांच्या उपचाराला लागू नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून दाट शंका असेल तर रिपोर्टसाठी औषध थांबवू नये. मात्रा डॉक्टरच वजनावरून ठरवतील. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदूपर्यंत आजार जातो. धाप, झटके, गुंगी, लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर थेट जिल्हा रुग्णालय गाठावे.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते आणि हेच या तापाचेही महिने. वाचनानंतर एके दिवशी आशाताईंना बोलावून दहा मिनिटे यावर बोलायला सांगावे. आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही दोन औषधे शिल्लक आहेत का, हे विहार समितीने आत्ताच विचारून घ्यावे.