नव्या ठाणावरचा घोडा आणि मोजमापाचा न्याय

घोड्याला एका ठाणावरून दुसऱ्या ठाणावर नेले असता त्याच्यावर किती ताण पडतो, हा प्रश्न निघाला की सांप्रत दोन पक्ष हमखास उभे राहतात. पहिला प्रयोगशाळेचा. रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजावे, ते चढले असेल तर घोडा दुःखी, उतरले असेल तर सुखी, आणि एवढ्यावर दफ्तर बंद करावे, असे त्याचे म्हणणे. दुसरा पक्ष तबेल्याचा. जन्मभर खरारा केलेल्या मोतद्दाराच्या नजरेला जे दिसत नाही ते कोणत्याही नळीत सापडावयाचे नाही, आणि घोडा शांत उभा राहून चंदी खाऊ लागला म्हणजे तो नव्या जागी रुळला, असा याचा कौल. दोहोंत तथ्यांश आहे. परंतु फैसल्याचा अखत्यार एकालाही एकट्याने देता येणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम आकड्याची उलटतपासणी करू. निर्धास्त घोड्याच्या रक्तातही कॉर्टिसॉल सकाळी चढलेले व सायंकाळी उतरलेले असते. तेव्हा निघण्यापूर्वीचा नमुना सायंकाळी आणि पोहोचल्यावरचा सकाळी घेतला, तर प्रवास निष्कारण अपराधी ठरावयाचा. मैदानात दौडून आलेल्या किंवा घोडीच्या सान्निध्याने चेतलेल्या घोड्याचेही कॉर्टिसॉल वाढते, आणि त्या अवस्थेला क्लेश म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सुईची धास्ती टाळण्यासाठी लाळ किंवा लीद तपासावी, हे योग्यच. मात्र लिदीतील अवशेष सुमारे एक दिवस आधीची हकीकत सांगतात, याचे भान ठेवावे लागते. सर्वांत मोठी अडचण पुढेच आहे: फ्रान्समधील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या घोड्यांचे कल्याण इतर लक्षणांवरून ढासळलेले दिसत होते त्यांच्यात कॉर्टिसॉल उलट कमी आढळले. म्हणजे उतरलेला आकडा सुखाचा पुरावा होऊ शकत नाही.

आता मोतद्दाराचा दावा. मान पाठीच्या रेषेत, डोळे एका जागी खिळलेले, कान निश्चल, आणि भोवतालच्या हालचालीची दखलच नाही, अशा घोड्याला तबेल्यात ‘गरीब जनावर’ म्हणून वाखाणतात. तो जगाकडे पाठ फिरवलेला, खचलेला असण्याचा संभव कोणी विचारात घेत नाही. शिवाय पाहणारा स्वतः तटस्थ नसतो. बर्लिनमध्ये गणिते सोडविणारा म्हणून गाजलेला हान्स हा घोडा प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या सूक्ष्म हालचाली वाचून उत्तरे देत होता, असे ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 साली सिद्ध केले. जे जनावर माणसाला इतके बारकाईने वाचते, ते परिचित मोतद्दारासमोर एक व त्याच्यामागे दुसरे वागत नसेल, याची हमी कोणी द्यावी?

आमचा सिद्धांत असा की घोड्याची तुलना त्याच घोड्याशी करावी, आणि तीही एका क्षणाची नव्हे, काही दिवसांची. जुन्या ठाणावर असतानाच विश्रांतीतील नाडी (प्रौढ घोड्यात ती मिनिटाला साधारण 28 ते 44 असते), खाल्लेली वैरण, प्यालेले पाणी आणि रात्री आडवे पडण्याचा काळ यांची नोंद करावी. नव्या ठाणावर तीच नोंद त्याच वेळी चालवावी, आणि घोडा आपल्या मूळ स्थितीवर किती दिवसांनी येतो हे पाहावे. आडवे पडणे विशेष महत्त्वाचे. कारण उभ्याने घोड्याला हलकी झोप लागते, पण स्वप्नावस्थेची गाढ झोप आडवे झाल्यावाचून पुरी होत नाही, आणि अनोळखी जागी तो आडवा होण्यास कचरतो.

हे खर्चिक म्हणून अव्यवहार्य, हा आक्षेप टिकत नाही. यातील एकाही नोंदीला प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईच्या शर्यतींचा हंगाम हिवाळ्याचा व पुण्याचा पावसाळ्याचा, त्यामुळे तेथील घोड्यांचे स्थलांतर आधीच ठरलेले असते, आणि निघण्यापूर्वीची नोंद करण्यास अवधी मिळतो. सारंगखेड्याच्या बाजारात मात्र घोडा विकला जातो आणि त्याचे पूर्ववृत्त विक्रेत्याजवळच राहते. तेथे लगामाबरोबर हा दाखलाही खरेदीदाराच्या हाती पडला पाहिजे.

अशा नोंदींना जोड म्हणून लाळेचा किंवा लिदीचा आकडा अवश्य घ्यावा. परंतु मापनाने मालकावर जबाबदारी येते, हे विसरता कामा नये. घोडा मूळ स्थितीवर येत नाही असे दिसताच त्याला ओळखीचा सोबती द्यावा, वैरण वाढवावी, शर्यत किंवा सवारी पुढे ढकलावी; यांपैकी काहीही करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने घोड्याचे रक्त काढण्याचा हक्क सांगू नये.