चाकांवरचा वाटाड्या

आयाबायांनो, म्युझियममध्ये पोर विचारते, "आई, हे काय?" आणि आपण पाटीकडे बघत राहतो. जर्मनीत बॉनच्या डॉइचेस म्युझियममध्ये १९९७ साली सहा दिवस 'ऱ्हायनो' हा यंत्रमानव असली माहिती सांगत चाकांवर फिरत होता. गंमत म्हणजे, काचेची कपाटे त्याला नीट दिसतच नसत! म्हणून त्यांच्या जागा आधीच त्याच्या नकाशात भरल्या होत्या. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये 'मिनर्व्हा' आली. गर्दीने वाट अडवली, की ही बाई तोंड वाकडे करून दटावायची. पोरांना ती आवडली नसती तरच नवल. पण दोघांचेही बोलणे आधी भरून ठेवलेले. पोराचा आडवा प्रश्न आपल्यालाच झेलावा लागणार. तेव्हा जाण्याआधी रात्री त्याच्याजवळ बसून थोडे वाचून घ्या.