आपले आरोग्य : शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न

काशीचा मुन्शी घाट नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने ओळखला जातो. परंपरेने सुश्रुताचे नातेही याच नगरीशी जोडले आहे. शल्यविद्येचा हा वारसा केवळ शस्त्रापुरता राहिलेला नाही. लोकांना कोणता उपचार उपलब्ध करून द्यावा, या विचारापर्यंत तो पोहोचला आहे.

आयुर्वेदाचे शिक्षण व संशोधन यांची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने १९५८ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. के. एन. उडुपा हे स्वतः शस्त्रवैद्य होते. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली.

याच विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भगंदरावरील क्षारसूत्राचा उपचार पुन्हा प्रचारात आणला. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांची पुटे दिलेला हा दोरा व्रणात घालतात व साधारणतः आठवड्याने बदलतात.

हा उपचार सर्वांसाठी योग्य आहे काय? श्रद्धेने किंवा उपहासाने याचे उत्तर मिळत नाही. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. कोणत्या रोग्यास कोणता उपचार द्यावयाचा, हे वैद्याच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरविले. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने व्रण भरण्यास ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४ व ११ टक्के आढळले.

धोरणाचा खरा प्रश्न येथून सुरू होतो. रुग्णालयातील खाट किती दिवस अडते? दर आठवड्याच्या खेपेने मजुराची किती रोजी बुडते? खेड्यात हे काम जाणणारा वैद्य आहे काय? शस्त्रवैद्याने व्रणाबरोबर याचीही नोंद ठेवली, तरच सरकारला योग्य निर्णय घेता येईल.

या कामी कुटुंबाचाही वाटा आहे. दुखणे उलटले की आपण मुकाट्याने दुसरा दवाखाना गाठतो. पहिल्या दवाखान्याच्या वहीत मात्र आपण बरेच झालेलो असतो! तेव्हा बरे वाटले तरी ठरल्या दिवशी तपासणीस जावे व दुखणे उलटल्यास संकोच न करता कळवावे. त्या एका खेपेने पुढच्या रोग्याचा मार्ग सुकर होईल.