मासे वाढले, दिवस घटले : रेड स्नॅपरच्या हंगामाचा गुंता

उन्हाळी सुट्टी जवळ आली की दहा-बारा मित्रांनी वर्गणी काढायची, बोट ठरवायची आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जाऊन गळ टाकायचे, ही अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील जुनी रीत आहे. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन, अलाबामातील ऑरेंज बीच, फ्लोरिडातील डेस्टिन या बंदरांचे उन्हाळ्यातील अर्थकारण बऱ्याच अंशी या सफरींवर उभे आहे. सफरीचे मुख्य आकर्षण म्हणजे रेड स्नॅपर. कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या तांबोशीच्याच कुळातला हा लालसर मासा चवीला उत्तम आणि गळाला लागला की दमछाक करणारा आहे. अडचण एवढीच की, बोटीची आगाऊ रक्कम अनेकदा हिवाळ्यातच भरावी लागते आणि मासा किती दिवस पकडता येणार, हे मात्र त्यानंतर ठरते. कधी कधी तर हंगाम सुरू झाल्यावरही ते बदलते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१७ चे. त्या वर्षी मेक्सिकोच्या आखातातील (अमेरिकी सरकारी कागदपत्रांत २०२५ पासून या आखाताचे नाव ‘गल्फ ऑफ अमेरिका’ असे लिहिले जाते) केंद्रीय जलक्षेत्रात खासगी बोटींसाठी हंगाम जाहीर झाला तो अवघ्या तीन दिवसांचा, १ ते ३ जून. ज्यांनी त्यानंतरच्या तारखा धरून सुट्ट्या काढल्या होत्या, त्यांनी बेत रद्द केले. हंगाम संपून दोन आठवडेही उलटत नाहीत तोच केंद्रीय वाणिज्य खात्याने तो आणखी ३९ दिवसांसाठी खुला केला. त्यात प्रामुख्याने शुक्रवार ते रविवार असे दिवस होते. या निर्णयामुळे ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली जाईल आणि माशांची संख्या पूर्ववत होण्यास सहा वर्षांपर्यंत विलंब होऊ शकेल, हे खात्याने आपल्याच अधिसूचनेत मान्य केले होते. पर्यावरण संघटनांनी न्यायालयात धाव घेतली, यात आश्चर्य नव्हते.

हा घोळ समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल. रेड स्नॅपर पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो. वयस्क, मोठी मादी तरुण मादीच्या कित्येक पट अंडी घालते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसुमार मासेमारी झाली, शिवाय कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत याची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. १९९८ मध्ये या जाळ्यांना पिल्ले निसटून जातील अशी सोय बसवणे बंधनकारक झाले. १९७६ च्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्यातील पुढच्या सुधारणांनी प्रत्येक माशासाठी वार्षिक मर्यादा ठरवण्याची सक्ती केली आणि आखातातील रेड स्नॅपर २०३२ पर्यंत पूर्वपदावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. वार्षिक कोट्यापैकी ५१ टक्के व्यावसायिक मच्छीमारांना आणि ४९ टक्के हौशी मंडळींना, अशी वाटणी झाली.

व्यावसायिकांचा प्रश्न २००७ मध्ये बराचसा सुटला. प्रत्येक परवानाधारकाला कोट्यातील स्वतःचा वाटा मिळाला, तो त्याने वर्षभरात केव्हाही वापरावा. हौशी मच्छीमारांच्या वाट्याला मात्र शर्यतच राहिली. कोटा पौंडांत मोजला जातो, दिवसांत नव्हे. उपाययोजनांना यश येऊन मासे वाढले आणि वजनदारही झाले, तसा तोच कोटा अधिक वेगाने संपू लागला. २००८ मध्ये ६५ दिवसांचा असलेला केंद्रीय हंगाम २०१४ मध्ये नऊ दिवसांवर आला. समुद्रात मासे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक दिसत असताना दिवस कमी होत जाणे सामान्य माणसाला पटणे कठीण होते आणि त्याचा राग सरकारी शास्त्रज्ञांवर निघाला. त्या रागात तथ्य होते, पण पूर्ण नव्हते.

कारण दुसरीकडे राज्येही आपला हात आखडता घेत नव्हती. किनाऱ्यालगतचा पट्टा राज्यांच्या अखत्यारीत येतो. टेक्सास आणि फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर तो नऊ सागरी मैलांचा आहे. केंद्राने दिवस कमी केले की राज्ये आपल्या पट्ट्यातील हंगाम लांबवीत. तिथे पकडलेला मासाही एकाच कोट्यात मोजला जात असल्याने पुढच्या वर्षी केंद्राचे दिवस आणखी घटत. त्यातच मार्च २०१४ मध्ये व्यावसायिक मच्छीमारांच्या दाव्यात केंद्रीय न्यायालयाने हौशी क्षेत्राला कोट्यात ठेवण्यात सरकार कमी पडल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर हौशी कोट्यातील २० टक्के भाग सुरक्षिततेसाठी राखून ठेवला जाऊ लागला. नऊ दिवसांच्या हंगामामागे हेही एक कारण होते.

या ओढाताणीत सर्वाधिक भरडले गेले ते भाड्याच्या बोटींचे मालक. केंद्रीय परमिट असलेल्या बोटीला राज्याच्या पट्ट्यातही केंद्राचाच कडक नियम लागू होतो. म्हणजे शेजारची खासगी बोट किनाऱ्याजवळ स्नॅपर पकडत असताना परमिटधारकाने तोच मासा पाण्यात परत सोडायचा. परमिट परत करून राज्याच्या पट्ट्यात धंदा करावा, तर नवे परमिट २००३ पासून दिलेच जात नाही. अखेर २०१५ पासून भाड्याच्या बोटींचा कोटा खासगी बोटींपासून वेगळा करण्यात आला. परिणाम तात्काळ दिसला. त्या वर्षी खासगी बोटींना दहा दिवस मिळाले, भाड्याच्या बोटींना ४४. २०१७ मध्ये हेच प्रमाण तीन आणि ४९ असे होते. खासगी बोटवाल्यांनी याला पक्षपात म्हटले. मात्र ज्याच्याकडे स्वतःची बोट नाही अशा माणसालाही या माशावर हक्क आहे, हा युक्तिवाद नाकारता येण्यासारखा नव्हता.

२०२० मध्ये खासगी बोटींचा हंगाम ठरवण्याचे अधिकार फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना व टेक्सास या पाच राज्यांकडे रीतसर सोपवण्यात आले. प्रत्येकाला कोट्याचा वाटा मिळाला आणि दिवस त्यांनी ठरवावेत असे ठरले. फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर २०२४ मध्ये १०३ आणि २०२५ मध्ये १२६ दिवसांचा हंगाम झाला. तीन दिवसांच्या तुलनेत हा बदल केवढा मोठा आहे, हे सांगायला नको.

तरीही भांडण मिटलेले नाही, कारण मोजणीवरच एकमत नाही. केंद्राच्या पाहणीत अलाबामा व मिसिसिपीतील पकड त्या राज्यांच्या स्वतःच्या नोंदींपेक्षा दुपटीहून अधिक भरत होती. २०२३ पासून दोन्ही मोजमापे जुळवण्यासाठी गुणक लावले गेले, तेव्हा या दोन राज्यांनी आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार केली. दरम्यान, अमेरिकी काँग्रेसने निधी दिलेल्या स्वतंत्र मोजणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. आखातात दोन वर्षे व त्याहून अधिक वयाचे सुमारे ११ कोटी रेड स्नॅपर असावेत, म्हणजे पूर्वीच्या अंदाजाच्या जवळपास तिप्पट, असे त्यात म्हटले होते. ‘आम्ही सांगत होतो तेच खरे’ असा सूर बंदरांतून उमटला. पण या माशांपैकी बरेचसे खडक, बुडवलेल्या जुन्या मोटारी, तेलविहिरींचे सांगाडे यांपासून दूर, सपाट तळावर विखुरलेले आहेत, हा तपशील त्या जल्लोषात मागे पडला. गळ पडतात ते बहुतांशी खडकांवर आणि सांगाड्यांवर. तेथील मासे तिप्पट झालेले नाहीत.

आता सफर आखणाऱ्या गटापुढे काय वाढून ठेवलेले असते, ते पाहू. समजा, ह्यूस्टनमधील आठ जणांना जूनमध्ये गॅल्व्हस्टनहून निघायचे आहे. (ह्यूस्टन परिसरात मराठी कुटुंबांची संख्या मोठी असल्याने हे उदाहरण अगदीच परके नाही.) लहान चार्टर बोटीवर पैसे देणारे सहाच प्रवासी नेता येतात. आठ जणांना दोन बोटी घ्याव्या लागतील किंवा तटरक्षक दलाची तपासणी झालेली मोठी बोट. मित्राची बोट असेल तर इंधनाची वर्गणी स्वेच्छेने देण्यास हरकत नाही. पण तीच वर्गणी सफरीची अट झाली, तर कायद्याच्या दृष्टीने ती भाड्याची बोट ठरते आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो. बोट कोणती, यावर हंगाम कोणता हे ठरते. खासगी बोटीला ज्या राज्यात मासा उतरवायचा त्या राज्याचा हंगाम लागू होतो, केंद्रीय परमिटच्या बोटीला १ जूनपासून सुरू होणारा केंद्राचा. टेक्सासच्या नऊ मैलांच्या आत वर्षभर माणशी चार मासे चालतात, लांबी किमान १५ इंच. त्यापलीकडे माणशी दोन आणि १६ इंच. केंद्रीय परमिटच्या भाड्याच्या बोटीवरील कप्तानाला, आपल्याकडच्या भाषेत तांडेलाला, व खलाशांना स्वतःच्या नावावर एकही रेड स्नॅपर ठेवता येत नाही. म्हणजे आठ जणांचे सोळा मासे, त्याहून अधिक नाही. एवढ्यासाठी दिवसभराचे भाडे, इंधन आणि बक्षिसी मोजायची की नाही, याचा विचार गटाने आधीच केलेला बरा.

आकाराने लहान मासा परत सोडला म्हणजे तो जगतोच असे नाही. खोल पाण्यातून वेगाने वर ओढताना त्याच्या पोटातील हवेची पिशवी फुगते आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या अशा माशांना डॉल्फिन किंवा शार्क गिळतात. म्हणूनच वजन लावून मासा खाली पोचवणारे साधन अथवा हवा काढणारी पोकळ सुई बोटीवर तयार ठेवण्याचे बंधन २०२२ मध्ये कायद्याने घालण्यात आले.

परत सोडलेल्या माशांच्या मृत्यूचा हिशेब किती निर्णायक ठरतो, हे फ्लोरिडाच्याच दुसऱ्या, अटलांटिक किनाऱ्यावर दिसते. तिथे इतर माशांसाठी टाकलेल्या गळाला लागून मरणारे स्नॅपरच बहुतेक कोटा खाऊन टाकतात. परिणामी २०२४ मध्ये त्या किनाऱ्यावर हंगाम एकाच दिवसाचा, १२ जुलैचा होता, आणि २०२५ मध्ये दोन दिवसांचा. माणशी एक मासा. एकाच राज्यात, एकाच माशासाठी एका किनाऱ्यावर शंभराहून अधिक दिवस आणि दुसऱ्यावर एक! अशा हंगामाच्या दिवशी समुद्र खवळलेला असेल, तरी लहान होड्या बाहेर पडण्याचा मोह आवरत नाहीत, आणि त्यातला धोका उघड आहे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. तारखा ठरलेल्या असल्याने कोळीवाड्यांना वर्षाचा हिशेब आधीच मांडता येतो. अमेरिकेतील पद्धत माशागणिक वेगळी आहे आणि तिथेच गटांची फसगत होते. स्नॅपरसाठी म्हणून जूनमध्ये निघालेल्या बोटीवर त्याच खडकातला ग्रे ट्रिगरफिश हमखास गळाला लागतो. आखातातील केंद्रीय जलक्षेत्रात त्याला जून आणि जुलैमध्ये बंदी असते. तो पाण्यात परत सोडावा लागतो.