पाऊस पडायच्या आत टायर आणि ब्रेक पाहून घ्या!

अंजनगाव सुर्जी आणि आसपासच्या गावांतल्या समस्त चारचाकीवाल्यांनो,

मृग तोंडावर आला आहे. पहिला दमदार पाऊस झाला की दोन गोष्टी ठरलेल्याच. शेतातून निघणारे ट्रॅक्टर चाकाला लागलेली काळी माती डांबरावर पसरवत जाणार, आणि त्याच आठवड्याच्या रविवारी अर्धं गाव चिखलदऱ्याला निघणार. ओली काळी माती डांबरावर बसली की तिथं पायी चालणारा माणूससुद्धा घसरतो. तुम्ही तर ताशी ऐंशीनं येणार आहात. म्हणून हे आवाहन आज, पाऊस पडायच्या आत.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तेज गाड्या बऱ्याच आल्या. कोणी पुण्या-मुंबईहून सेकंड हँड टर्बो आणली, कोणी शोरूममधून नवी घेतली. गाडी आली की तिचं सजवणं सुरू होतं. आवाजाचा सायलेन्सर, रुंद अलॉय, एलईडी, डिकीत भला मोठा वूफर. ब्रेकच्या कॅलिपरवर परदेशी कंपनीचं नाव लिहिलेलं लाल प्लॅस्टिकचं झाकण चिकटवणारेही पोट्टे आहेत. त्या झाकणानं ब्रेक एका मीटरनंही लवकर लागत नाही, उलट आतली उष्णता बाहेर पडायला अडचण होते. आणि त्या झाकणाच्या आतले पॅड घासून पत्र्याला टेकलेले असतात! मिस्तरीनं दाखवले तर उत्तर तयार असतं, "गाडी थांबते नं भाऊ, मंग काहून बदलाचे?"

कोरड्या रस्त्यावर, एकटे बसून, चाळीसच्या वेगात गाडी थांबते हे खरं. पण हिशेब करून पाहा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात २२ मीटर संपले. त्यानंतर चांगले टायर आणि कोरडं डांबर असेल तर गाडी साधारण ३१ मीटरमध्ये थांबते. तोच रस्ता ओला झाला, टायर गोटा झालेले असले आणि पकड निम्म्यावर आली, तर ३१ चे ६३ मीटर होतात. वरच्या ३२ मीटरमध्ये बिनलाइटची ट्रॉली असते, रस्ता ओलांडणारी म्हैस असते, नाही तर अकोट रोडवर वळण घेणारा केळीचा ट्रक असतो. एबीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एबीएस चाक जाम होऊ देत नाही आणि स्टेअरिंग तुमच्या हातात ठेवतं. टायरमध्ये नसलेली पकड ते आणणार कुठून? शिवाय आपल्याकडे फिरणाऱ्या पुष्कळ जुन्या गाड्यांत ते नाहीच. सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं २०१९ च्या एप्रिलपासून.

आता टायरचं. टायर निवडायला दुकानात जाता तेव्हा चमक पाहू नका, बाजूवर कोरलेलं वाचा. समजा तुमच्या गाडीला मूळ टायर १८५/६५ आर १५ आहेत. यातले १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची, आणि १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. 'स्पोर्टी लुक' हवा म्हणून तुम्ही १९५/५५ आर १६ घेतले, तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, सुमारे ६२ सेंटिमीटर. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, चाक मडगार्डला घासत नाही. इथवर ठीक.

लोक फसतात ते पुढच्या आकड्यावर. १८५/६५ आर १५ वर बहुधा ८८ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो पेलतो. १९५/५५ आर १६ चा साधा टायर ८७ चा मिळतो, म्हणजे ५४५ किलो. चार चाकांचे मिळून ६० किलो कमी झाले, एका माणसाचं वजन. बाहेरून टायर रुंद आणि दणकट दिसतो, पण भार कमी पेलतो. पाच जण, डिकीतला वूफर आणि वर चिखलदऱ्याचं सामान अशी गाडी भरता, तेव्हा हाच फरक आडवा येतो. म्हणून मोठा रिम घालायचाच असेल तर त्याच साइजमध्ये जादा भाराचा, ९१ चा टायर मागा. तो ६१५ किलो पेलतो. दुकानदार म्हणेल, सगळे हेच टाकतात. तुम्ही आकड्यावर ठाम राहा.

आकड्यानंतर एक अक्षर असतं. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत. "आपण कुठं दोनशेनं चालवतो?" असं म्हणून स्वस्तातला खालच्या अक्षराचा टायर टाकू नका. ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो तेही सांगतं, आणि उष्णता वऱ्हाडाला कमी नाही. कंपनीनं गाडीला जे अक्षर दिलं त्याच्या खाली उतरायचं नाही, एवढं पक्कं धरा. टायरवर आयएसआयचं चिन्ह आहे ना, तेही पाहा. आपल्या देशात ते सक्तीचं आहे.

फार कमी बाजूचे, पट्टीसारखे टायर दिसतात झकास, पण आपल्या तालुक्यातले आतले रस्ते आठवा. खड्ड्याच्या कडेवर असा टायर आदळला की आतले धागे तुटतात आणि बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला औषध नाही. त्या टायरवर परतवाड्यापर्यंतही जाऊ नका. रुंद टायरचा आणखी एक तोटा पावसाळ्यात कळतो. नक्षी घासलेली असेल तर तो पाण्यावर लवकर तरंगायला लागतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं होतं. तेव्हा ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा.

टायरचं वय तर कोणी पाहतच नाही. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सेकंड हँड गाडी घेताना मालक म्हणतो, टायर नव्यासारखे आहेत, फक्त दहा हजार चालली. नक्षी खरंच नव्यासारखी असते, पण रबर उन्हानं वाळून बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच वर्षांपुढचा टायर दर वर्षी जाणकाराला दाखवा, दहा वर्षांचा असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका. स्टेपनीलाही हाच नियम. नक्षीच्या खोलीबाबत कायदा म्हणतो किमान १.६ मिलिमीटर. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्याबरोबर आली की टायर संपला. माझं म्हणाल तर पावसाळ्यात जाताना ३ मिलिमीटर तरी असावी. कायद्याची रेघ गाठेपर्यंत थांबणं म्हणजे पैसे वाचवणं नाही.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे टाका. हे ऐकून निम्मे लोक वाद घालतात, कारण इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे. पण ओल्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं, वेग कमी करता येतो. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं आपल्यापैकी बहुतेकांना जमत नाही.

हवेबद्दल आपल्याकडे एक जुनी समजूत घट्ट बसली आहे. उन्हाळ्यात हवा गरम होऊन वाढते, टायर फुटतो, म्हणून दोन-चार पॉइंट कमीच भरायची. हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते, त्या दबण्यानं रबर आतून तापतं, आणि तापलेल्या रबराचे थर सुटून टायर फुटतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतो, त्यावर तुमच्या गाडीचा आकडा लिहिलेला आहे. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा आणि जास्त असतो. सकाळी गाडी थंड असताना तेवढी हवा भरा. नायट्रोजन भरला म्हणून महिनाभर पाहायचं नाही, असंही नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ जण गेले. टायर फुटला असं चालकानं सांगितलं होतं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालानं ते मान्य केलं नाही, टायर फुटल्याच्या खुणाच तिथं मिळाल्या नव्हत्या. अपघात झाला की 'टायर फुटला' हे आपलं ठरलेलं उत्तर आहे, कारण त्यात कोणाचाच दोष दिसत नाही. खरोखर फुटलेल्या टायरमागेही बहुधा महिनोन् महिने न पाहिलेली हवा, जादा वजन नाही तर जुनं रबर असतं. त्याच समृद्धीवर घासलेल्या टायरच्या गाड्या परिवहन विभागानं प्रवेशालाच अडवून परत पाठवल्या होत्या. तिथं कारला ताशी १२०ची मुभा आहे. पण ८० वरून १२० वर गेलात की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते.

ब्रेकची खरी परीक्षा मात्र घाटात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे आणि परतून येताना तुम्ही जवळजवळ ७०० मीटर खाली उतरता. माणसांसह १४०० किलोची गाडी एवढी उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी १०० वरून गाडी जागच्या जागी थांबवण्याच्या सुमारे अठरापट आहे. ती सगळी पुढच्या चार पॅडवर टाकलीत तर पॅड तापून पकड सोडतात, जळका वास येतो, पेडल मऊ होतं. म्हणून उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर खालच्या गिअरवर घ्या. घाटांगच्या उतारावर न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणारे महाभाग आजही आहेत!

तेज गाडीसाठी पॅड घेताना 'रेसिंग' शब्दाला भुलू नका. रेसचे पॅड भरपूर तापल्यावरच धरतात. सकाळी बाजारात पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं आलं तर ते थंड पॅड साध्या पॅडपेक्षा कमी धरतील, डिस्कही लवकर खातील. रोज गावात आणि महिन्यातून एकदा घाटात, अशा वापराला कंपनीचेच पॅड, नाही तर नामांकित कंपनीचे चांगल्या दर्जाचे सेमी-मेटॅलिक किंवा सिरॅमिक पॅड पुरे. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतात पण थोडा आवाज करतात, सिरॅमिक शांत असतात आणि चाकावर काळी भुकटी कमी पाडतात. काही पॅडच्या पाठीवर एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. दुसरं अक्षर पहिल्याच्या खालचं, म्हणजे जीएफ वा एफई असेल, तर तो पॅड तापल्यावर पकड सोडतो. घाटात जाणाऱ्यानं तो घेऊ नये. बिलाशिवाय, सुट्ट्या पिशवीतले पॅड घेऊच नका. नवे पॅड बसवले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर दणकून ब्रेक मारू नका, डिस्कशी बसू द्या. पॅड ३ मिलिमीटरवर आले की बदला. किंचाळण्याचा आवाज यायला लागला तर आधीच उशीर झालेला आहे. मागे ड्रम असतील तर लायनरही उघडून पाहा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट खाली जातं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ३ भरू देऊ नका.

मिस्तरी भाऊंना तीन विनंत्या. काढलेले जुने पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर बिलावर लिहा. आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ती धूळ तुमच्याच पोरांच्या छातीत जाते.

आई-वडिलांनाही सांगणं आहे. पोरगा गाडी मागतो तेव्हा चावी देण्याआधी टायरवरची ती चार आकडी तारीख त्यालाच वाचून दाखवायला सांगा. अलॉयसाठी पैसे मागत असेल तर आधी पॅडचं बिल मागा. एका बऱ्या अलॉयच्या किमतीत बहुतेक गाड्यांचे पुढचे पॅड येतात. असुरक्षित अवस्थेत गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे दीड हजारापर्यंत दंड आहे, तो या हिशेबात किरकोळच.

चिखलदऱ्याचा बेत ठरला असेल तर जरूर जा, पण त्याआधी याच आठवड्यात एक सकाळ गॅरेजला द्या. चारी चाकं खोलून घ्या, पॅड आणि लायनर डोळ्यांनी पाहा, ब्रेक ऑइल तपासा, स्टेपनीसह पाचही टायरची तारीख, नक्षी आणि हवा बघा. जे संपलं असेल ते तिथंच बदला. पैसे कमी पडत असतील तर सहल पुढच्या महिन्यावर ढकला, पॅड ढकलू नका.