क्वार्टर संपला, माश्या अजून अंधारातच!

सध्या आमच्या घरात अप्रेझल सीझन आहे. माझं नाही हो, फ्रीलान्सरला कोण विचारतंय! रूममेटचं. ‘या क्वार्टरमध्ये तुम्ही काय अचीव्ह केलंत?’ या रकान्याकडे ती अर्धा तास नुसती बघतेय. आणि शेजारी बसून मी वाचतेय... माश्यांबद्दल.

११ नोव्हेंबर १९५४. जपानच्या क्योतो विद्यापीठात स्युइची मोरी नावाच्या प्राध्यापकांनी काही फळमाश्या (पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ना, तीच चिलटं) बाटल्यांत घातल्या आणि बाटल्या पूर्ण अंधारात ठेवल्या. प्रश्न एवढाच, की पिढ्यान्‌पिढ्या उजेड दिसलाच नाही तर काय होईल? मोरी रिटायर झाले. बाटल्या राहिल्या. पुढच्यांनी त्या सांभाळल्या, त्यांच्या पुढच्यांनीही. २०१२ मध्ये या माश्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्या १,४०० पिढ्या होऊन गेल्या होत्या! माश्यांचे डोळे काही गेले नव्हते. पण अंधारात त्यांना साध्या माश्यांपेक्षा जास्त पिल्लं होतात, असं दिसलं. बस्स. आता हे कुठल्या क्वार्टरमध्ये दाखवणार?

मग मला नादच लागला. १८९७ सालचं हे विद्यापीठ आणखी काय काय करतं बघायला गेले, तर एक अजबखानाच उघडला. एकीकडे अणूच्या पोटातले कण, तर दुसरीकडे १९५३ मध्ये रताळं पाण्यात धुऊन खायला लागलेली कोशिमा बेटावरची ‘इमो’ नावाची माकडीण. त्या बेटावरच्या माकडांना नावं देऊन वर्षानुवर्षं त्यांच्या मागे फिरणारी मंडळी इथलीच. त्यांच्यातलेच युकिमारू सुगियामा १९६१ मध्ये चक्क धारवाडला आले. आपल्याला धारवाड म्हटलं की पेढे आठवतात. त्यांनी पाहिली वानरं. बाहेरचा नर टोळी ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारून टाकतो, हे त्यांनी तिथे नोंदवलं. प्राणी असं करतात हे तेव्हा अनेकांना पटलंच नव्हतं. आज तो अभ्यासाचा मोठा विषय आहे.

सगळंच गोड आहे असं नाही हं. याच विद्यापीठाच्या माकडांवरच्या नावाजलेल्या संस्थेत चिंपांझींच्या पिंजऱ्यांच्या बांधकामात पैशांचा घोळ निघाला आणि २०२२ मध्ये संस्थेची पार पुनर्रचना झाली. लाकडी उपग्रहाचंही तसंच. धातूचे उपग्रह जळताना वातावरणात अॅल्युमिनियमचे कण सोडतात, म्हणून मॅग्नोलियाच्या लाकडाचा, दहा सेंटिमीटरचा, स्क्रू नाही की गोंद नाही असा डबा यांनी बनवला. डिसेंबर २०२४ मध्ये तो अंतराळात सोडला. त्याने एकही सिग्नल पाठवला नाही! गप्पच बसला. (आमच्या काही क्लायंट्ससारखा. असो.)

पण ज्या गोष्टीने मी थबकले ती तासुकू होंजो यांची. १९९२ मध्ये त्यांच्या लॅबला एक जनुक सापडलं. शोधत होते भलतंच, पेशी मरतात कशा ते. या जनुकाचं काम काय, कुणालाच कळेना. ते काढून टाकलेले उंदीर वाढवले, वाट पाहिली. वर्षं गेली, तेव्हा उलगडलं की हा आपल्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक आहे. कॅन्सर हाच ब्रेक दाबून धरतो. मग तो सोडवला तर? त्यातून औषध बाजारात आलं २०१४ मध्ये, आणि नोबेल २०१८ मध्ये. म्हणजे बावीस वर्षं! १९९३ च्या मार्चमध्ये त्यांना कुणी ‘अचीव्ह काय केलंत?’ विचारलं असतं, तर?

२०२५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले सुसुमु कितागावाही इथलेच. रेणूंची अशी जाळी, जिच्या पोकळ्यांत वायू साठवता येतो. सुरुवातीला लोक म्हणायचे, याचा उपयोग काय? हे गृहस्थ जुन्या चिनी तत्त्वज्ञ च्वांग-त्झूचा दाखला देतात, निरुपयोगी वाटतं त्याचाही उपयोग असतो म्हणून. ऑफिसात सांगून बघा एकदा!

तरीही हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. २००९ मध्ये या विद्यापीठाने ‘हाकुबी’ नावाचा प्रकार सुरू केला. जगभरातून तरुण संशोधक निवडायचे, पाच वर्षं पगार द्यायचा, विषय त्यांचा त्यांनी ठरवायचा. इतिहास असो की कीटक, काहीही. मी मनातल्या मनात बॅग भरायलाच घेतली होती. मग पुढची ओळ वाचली. पाच वर्षांनी करार संपतो. पुढे नोकरी तुमची तुम्ही शोधायची. म्हणजे तिथेही आपल्यासारखंच. फक्त टांगती तलवार तीन महिन्यांऐवजी पाच वर्षांची. पाच वर्षांत माश्या किती पिढ्या पुढे गेल्या असतील?

रूममेटला हे सगळं रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या हाकुबीला एमबीए चालतं का गं?”

“पीएच.डी. लागते, नाहीतर त्या तोडीचं काहीतरी.”

“मग राहू दे,” म्हणाली आणि परत त्या रकान्याकडे बघत बसली.