कीट काढायचे पैसे

‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात.’ पोलादपूरच्या एसटी स्टँडवर, महाडच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठेही दातांचा विषय निघाला की हे वाक्य ऐकायला मिळतंच. म्हणणारा खोटं बोलत नसतो. सफाईनंतर कुणाचे तरी दात हललेले त्याने खरोखर पाहिलेले असतात. त्याला हसून गप्प करण्यापेक्षा त्या तोंडात नेमकं काय झालं ते सांगायला हवं. कारण या एका भीतीपायी आपल्या दोन तालुक्यांतली कितीतरी माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि साठी यायच्या आत त्यांच्या तोंडाचं बोळकं होतं.

दातांवर जंतूंचा एक चिकट थर रोज बसतो. नीट घासला तर तो निघतो. राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरतं आणि काही दिवसांत त्याचा टणक कीट होतो. मग ब्रश, राखुंडी, मीठ, कशालाच तो दाद देत नाही. खालच्या पुढच्या दातांना आतून जीभ लावून पाहा. कीट बहुधा तिथेच आधी जमतो, नाहीतर वरच्या दाढांना गालाकडच्या बाजूने, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे उघडतात. खरखरीत कीटावर आणखी जंतू घर करतात. हिरडी सुजते, चूळ भरताना रक्त येतं, आणि उपचार झाला नाही तर पुष्कळांच्या बाबतीत दाताला धरून ठेवणारं हाड आतल्या आत झिजू लागतं. याचा सगळ्यात वाईट भाग म्हणजे हे दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी जात नाही.

बऱ्याच वर्षांनी माणूस दवाखान्यात जातो तेव्हा हाड अर्ध्यावर आलेलं असतं आणि शेजारशेजारचे दात कीटानेच एकमेकांना सांधलेले असतात. कीट काढला की तो सांधा जातो आणि आधीपासूनच सुटा झालेला दात हलताना जाणवतो. दातांमध्ये फटी दिसतात, त्याही तिथे आधीच होत्या, कीटाने भरलेल्या. गार पाणी थोडे दिवस झोंबतं, मग कमी होतं. हे आधी समजावून सांगितलं तर निम्मी भीती जाईल, पण गर्दीच्या दवाखान्यात तेवढा वेळ दिला जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

माझी आत्या पोलादपूरच्या वर, कापड्याच्या बाजूला राहते. तिला मधुमेह आहे आणि मशेरीची सवय लग्नाआधीपासूनची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि सकाळी चहाच्या आधी बोटावर घेऊन हिरडीला चोळायची. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे असंच चालतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न येणारी तंबाखू वापरत असल्याचं आढळलं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावरच्या मशेरीपर्यंत तो कायदा पोचत नाही. मशेरी जिथे रोज लावली जाते तिथली हिरडी खाली उतरते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. विडी ओढणाऱ्यांचं आणखी वेगळं: त्यांच्या हिरडीतून रक्तच कमी येतं, त्यामुळे आजार झाकलेला राहतो.

आत्याला महाडला नेलं तेव्हा खुर्चीत बसता बसता तिने पहिलं तेच विचारलं, ‘‘डॉक्टर, दात ऱ्हातील ना?’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘आजी, दात धरून ठेवते ती हिरडी आणि हाड. कीट नाही धरत. एक दात तसाही जाणार आहे, तो मी आत्ताच दाखवते. बाकीचे ठेवायचे असतील तर हे काढायला हवं.’’ जाणारा दात आधीच दाखवला, म्हणून नंतर आत्याने कुणाला दोष दिला नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, हेही बाईंनी दिव्याखाली पाहिलं. मशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडात उजेड पाडून कुणी नीट पाहतं, याची किंमत मला सफाईइतकीच वाटते. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तरच माणूस हाती लागतो. आत्याची मशेरी सुटलेली नाही, कमी झाली आहे. भाकरी मात्र ती आता दोन्ही बाजूंनी चावते.

आता पैशांचं. खासगी दवाखान्यात साध्या सफाईला साधारण पाचशेपासून दीड-दोन हजारांपर्यंत घेतात. हिरडीखालची खोल सफाई लागली तर खर्च वाढतो. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे नऊशे रुपयांची सफाई ही जवळजवळ तीन दिवसांची मजुरी, आणि वरून त्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. सोबत येणाऱ्या मुलाला पूर्णच पडतं. आरोग्य विम्यात सफाई बहुधा बसत नाही.

तरीही या फीला मी लूट म्हणणार नाही. सफाईच्या यंत्राचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं, त्यावर सतत पाणी लागतं, टोकं झिजतात, प्रत्येक रुग्णानंतर ती निर्जंतुक करावी लागतात. वर पुराची धास्ती आहेच: २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत तळमजले पाण्याखाली गेले. तिथे दवाखाना थाटणाऱ्याला दर पावसाळ्यात सावित्री नदीकडे लक्ष ठेवावं लागतं.

माझा आक्षेप आहे तो सरसकट सगळ्यांना दर सहा महिन्यांनी बोलावण्याला. २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने या विषयावरचे अभ्यास तपासले. ब्रिटनमधल्या दोन चाचण्या, मिळून १७११ माणसं. नियमित दंतवैद्याकडे जाणाऱ्या आणि हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्या माणसांत ठरावीक काळाने सफाई केली काय, न केली काय, दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ सफाई निरुपयोगी, असा कुणी काढू नये. ती माणसं माझ्या आत्यासारखी नव्हती. महाडच्या एमआयडीसीत काम करणारा, दोन वेळा ब्रश करणारा, हिरड्या घट्ट असलेला पंचविशीतला मुलगा दर सहा महिन्यांनी पैसे मोजायला बांधील नाही. त्याने तपासून घ्यावं आणि कीट असेल तर काढावा. पण मधुमेही, विडी-मशेरीवाले, हिरडीतून रक्त येणारे यांनी पैसे हातचे राखू नयेत. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आवरत नाही, दोन्हीकडून मार बसतो.

ज्याला सफाईची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच खिशात पैसे नाहीत. म्हणून हे काम सरकारी दवाखान्यात व्हायला हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. महाडला आणि पोलादपूरला सरकारी रुग्णालय आहे. तिथे दातांची खुर्ची, चालू यंत्र आणि दंतवैद्य ठरलेल्या वारी हजर असावा, आणि तो वार दाराबाहेर फळ्यावर लिहिलेला असावा. गावोगावच्या शिबिरांत दात पाहून पेस्टची ट्यूब हातात दिली जाते. कीट त्याने निघत नाही. ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याबरोबर हा ठराव का येऊ नये?

तोवर वाटा आहेत. कशेडी घाट ओलांडला की खेडला दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयांत शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली सफाई करतात, वेळ लागतो पण खर्च कमी पडतो. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालयाचं आहे, आणि आपल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईत आहेच.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना माझी एक विनंती आहे. आईसाठी साडी आणाल, ती आणाच. पण एकदा तिला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा, खालच्या दातांची आतली बाजू पाहा, आणि कीट दिसला तर विसर्जनानंतर लगेच परतीची गाडी न पकडता तिला महाडला घेऊन जा.